तेलकट

शाळेत तेल न लावलेल्या पोरींना
घोरपडेबाई वेगळं उभं करायच्या.
मला कधीच नाही.
माझं डोकं जन्मापासून शिस्तीत.

आता शाहूपुरीच्या पतपेढीत
दहाला बसते भुरभुरत्या केसांनी,
चहा येईस्तोवर भांग चिकटलेला.
"काय गं, आज न्हाली नाहीस व्हय?"
न्हाले होते. सकाळीच. रिठ्यानं.

मुलतानी झाली. बेसन लावलं
तर दिवसभर वास भज्यांचा.
पार्लरवाली नगीना म्हणाली, रोज धुऊ नको,
जितकं ओरबाडशील तितकं ते सुटेल.
मग एकाआड एक दिवस, गार पाण्यानं.
फरक पडलाय. थोडा.

अण्णा केएमटीत कंडक्टर होते.
टोपीत रोज वर्तमानपत्राची घडी घालायचे.
रात्री ती काढून बल्बसमोर धरायचे:
कागद आरपार झालेला,
सिनेमाची जाहिरात अन् मागची निधनवार्ता
एकात एक, एकदमच वाचता येणारी.
"बघ, आपल्या डोक्याला दोन्ही बाजू दिसतात,"
म्हणायचे, अन् स्वतःच हसायचे.

टोपी अजून खुंटीला आहे.
काल हेल्मेट घालताना
उगाच एका पानाची घडी केली.
रंकाळ्याच्या वळणावर
कपाळाशी कुरकुरली.