डेलिया, एक नग

चौतीस वर्षं उद्यमबागेत लाकडाचे पॅटर्न केले.
ओतलेलं लोखंड थंड होताना आखडतं,
म्हणून पॅटर्न मोठा धरायचा, फुटाला एक सूत.
हाताला हे इतकं बसलंय
की दाराची कडीसुद्धा मी सूतभर मोठी मागतो.

फुलाला ती सूट नाही.
पुरतं उघडतं त्या दिवशीच त्याचं माप,
नंतर मागच्या पाकळ्या कागद होतात.
म्हणून तारखेवरून उलटं मोजत यायचं:
ह्यूम पार्कात प्रदर्शन डिसेंबरच्या बाराला,
तर दहा नोव्हेंबरला कळी वाटाण्याएवढी पाहिजे.

अनगोळच्या गच्चीवर सोळा कुंड्या.
शेंगपेंड भिजवली की असा वास सुटायचा
की खालची सून गॅलरीत यायची बंद.
फांदीला तीन कळ्या येतात.
मधली ठेवायची, कडेच्या दोन नखानं काढायच्या.
"काय करालाय हो, पाप लागंल,"
असं म्हणत बायको जवळ येऊन बघायची.
तिच्याच साडीच्या चिंध्यांनी बांबूला देठ बांधले.
सुतळी कापते, साडी कापत नाही.

नऊ तारखेला फूल वेळेवर होतं.
वांगी रंग, टोकं दुधात बुडवल्यागत,
सव्वाआठ इंच, आणि मध्य अजून मिटलेला.
रात्री दव नको म्हणून वर छत्री बांधली.

दहाला बंद.
कुठल्याशा पाटीला कुणीतरी काळं फासलं.
कुठल्या भाषेतल्या, ते विचारू नका,
आलटून पालटून असतंय ते.
बागखात्याचा फोन: आता सोळाला.

फुलाला कोण सांगणार?
ओलं गोणपाट टांगलं, कुंडी जिन्याखाली ओढली,
शेवटी कापलं आणि कॅनमध्ये घालून
ईरण्णा मुगळीच्या डेअरीत नेलं.
त्यानं अर्धं शटर उचललं, दह्याचे क्रेट सरकवले,
"इल्लि इडरी काका, इल्लि."
तेराला बघतो तर कडा चहात भिजल्यासारख्या.
ईरण्णा फ्रीजचं बटण बघत उभा,
"लई थंड केलो काय ओ मी?"
नाही रे, म्हटलं. ते फूल त्याच्याच गल्ल्यावर राहिलं.
गिऱ्हाइकं दूध घेताना हात लावून बघायची,
खरं आहे की प्लास्टिकचं.

पंधराच्या संध्याकाळी सातव्या कुंडीत पानाआड
एक कडेची कळी उघडलेली दिसली.
खुडायची राहिलेली.
पाच इंच, मान एका बाजूला,
जसं काही कुणी हाक मारली आणि अर्धंच वळली.

पहाटे साडेपाचला तिरका काप, देठ कोमट पाण्यात.
रंगाच्या ब्रशनं एक मुंगी काढली.
रिक्षात मांडीवर बादली,
तिसऱ्या गेटचे खड्डे मी श्वास धरून काढले.

टेबलावर बाटली, बाटलीपुढं कार्ड.
स्वरूपानं वाचलं, तिच्या शाळेत शिकवतात.
मला कन्नड बोलता येतं, अक्षर येत नाही.
"आबा, भरमूचं बरमू केलंय की!
भ-ला खाली रेघ पाहिजे, ती नाहीच."
कारकून बाईंच्या कानावर पेन होतं.
रांग मोठी होती. राहू दे, म्हटलं.

परीक्षकांनी पट्टी लावली, काही न बोलता उचलली.
पहिली चिठ्ठी शेजारच्या गोकाकच्या फुलाला,
नऊ इंच, देठ सरळ, पाठ घट्ट.
फौंड्रीत असं कास्टिंग आलं की आम्ही
खोट शोधायच्या आधी चहा मागवायचो.
मी त्या माळ्याला पेंड कुठली घालतो ते विचारलं.
त्यानं सांगितलं नाही.

दुपारी गर्दी जेवायला गेल्यावर
स्वरूपानं कंपासपेटीतलं पेन काढलं,
इकडंतिकडं बघितलं, आणि भ-खाली रेघ मारली.
हात हलला. रेघ सूतभर लांब गेली.
"चुकली काय आबा?"
नाही, म्हटलं, बरोबर आहे,
आणि बाटलीतलं पाणी बदलायला नळ शोधत गेलो.