अर्धा इंच

शेजारच्या घरचं भांडण ऐकावं
तसा शालिकभाऊंनी भिंतीला कान लावला.
"पाणी मांगं पोचतच नाही बाई.
पाइप अर्धा इंची. ज्यानं टाकला थ्यानं पैसे वाचवले.
आता भित फोडा, नाही त असंच चालू द्या."

सोमवारी अंडीपुंज येणार होते.
बारा जणांची नावं वहीत, निम्म्यांचा ॲडव्हान्स खर्च झालेला.
भिंत कशी फोडू?
नुकती फुटलेली अळी मुंगीहून बारीक,
तिच्यासाठी सिमेंटची धूळ म्हणजे दरड.

दहा बाय अठराची खोली. वर पत्रा, पत्र्याखाली थर्माकोल.
बाहेर लोखंडी टाकी, टाकीखाली चूल, चुलीत पऱ्हाटी.
जानेवारीत पहाटे पारा आठावर येतो
आणि आत मला सत्तावीस लागतात,
दिवसरात्र, दुसरी कात टाकेपर्यंत.
पहिल्या वर्षी कोळशाची शेगडी ठेवून पाहिली.
अळ्यांनी पानाला तोंड लावलं नाही,
माझं डोकं दोन दिवस ठणकलं.
मग भिंतीतून हा पाइप फिरवला. कोमट, नावापुरता.

या वेळी चार रेडिएटर आणलेत, नागपूरच्या भंगारातून,
दहाचाकी ट्रकांचे.
एकाच्या जाळीत पतंगाचा पंख अडकलेला,
कुठल्या रात्रीचा, कुठल्या घाटातला, कोण जाणे.
अळ्या सारायचं कोंबडीचं पीस घेतलं
आणि त्यानंच तो काढला. फेकवला नाही,
खिडकीत ठेवला.

दिवसभर पान्याचा आवाज.
आट्यांवर ताग, तागावर सफेदा,
एल्बो, टी, युनियन, प्रत्येक रेडिएटरला एक पितळी चावी.
पोरगा पाइप धरून उभा, शालिकभाऊ अंगाचा जोर लावून आवळतात
आणि मधेच थांबतात,
"जास्त आवळलं तरी गळते," म्हणतात, कुणालाच उद्देशून नाही.

संध्याकाळी चूल पेटवली.
वरचा स्क्रू ढिला केला तशी हवा सूं करत निघाली,
मागून गंजाचं लाल पाणी, मग स्वच्छ.
दाराजवळच्या रेडिएटरला हात लावला, चटका बसला.
दुसरा गरम. तिसरा बरा.
मागच्या कोपऱ्यातला माठासारखा गार.

"जवळचा सारं पिऊन रायला.
दूरच्याले काय उरन?"
त्यांनी शेवटच्याला हातही लावला नाही.
पहिल्याची चावी आवळली, पाव फेर उघडी ठेवली.
दुसऱ्याची अर्धी. तिसऱ्याची पाऊण.
"आता चहा करा."

चहा झाला. कप विसळून आले
तोवर कोपरा ऊन झाला होता.
पाइप तोच. अर्धा इंच.

रात्री वही काढली.
मागचा हिवाळा, त्याच्या आधीचा हिवाळा,
माझंच अक्षर:
*कोपऱ्यातला रॅक. अळ्या लहान. उशिरा उठतात. पुंज कमजोर असावेत.*
पुढे आकडा.
बाकीच्यांची कात झाल्यावर
मागे राहिलेल्यांची वाट पाहायची नसते,
शिकवणाऱ्या साहेबांनीच सांगितलं होतं.
चुन्याच्या खड्ड्यात टाकल्या होत्या मी, सुपानं,
दोन हिवाळे.

आकडा खोडला नाही.
खाली फक्त लिहिलं: *चावी.*

शालिकभाऊंनी चार चाव्यांचे पैसे घेतले, तागाचे, मजुरीचे.
त्या पाव फेराचं काय द्यायचं विचारलं
तर सायकलला किक मारावी तसा पाय हलवला
आणि मोटरसायकल सुरू झाली एकदाची.

आज दहावा दिवस.
चारही रॅकवर अळ्यांनी डोकी वर केलीत,
काही पुढे, काही मागे, पण एकाच सकाळी.
मी चुना भुरभुरवते, कोपऱ्यापासून सुरुवात करून.

पहिल्या रॅकवरचा पारा
आधीपेक्षा अर्ध्या अंशानं उतरलाय.
तिथल्या एकीनंही
अजून काही म्हटलेलं नाही.