एक बोट

समोरून ट्रॅक्टर आला की बाबा
स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतात, एवढंच.
तोही उचलतो. "ओळखीचा?"
"नाही."

कॉनेमारातला रस्ता असा
की कुणीतरी मागे सरकल्याशिवाय पुढे जाता येत नाही.
काल मेंढ्यांनीच अडवलं,
पाठीवर निळा फराटा, घाई कसलीच नाही.

मागे मी, ओला कुत्रा
आणि क्लिफडेनच्या चिप्सचा व्हिनेगरी वास.
आई पाटीवरची दोन्ही नावं वाचते,
आधी आयरिश, मग इंग्रजी,
जणू दोनदा हाक मारल्याशिवाय
गाव ओ देणार नाही.

पर्थबद्दल कोणी बोलत नाही.
डर्वलाचं तिकीट मंगळवारचं आहे.

राउंडस्टोनच्या धक्क्यावर बाबांनी
न बोलता किल्ली तिच्याकडे फेकली.
उजवीकडे समुद्र, डावीकडे दगडी बांध,
आणि पाऊस आहे की नाही
हे वायपरलाही ठरवता येईना.

वळणावर पोस्टाची हिरवी व्हॅन आली.
डर्वलाचं बोट
आपसूक वर गेलं.

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले,
बराच वेळ.
त्या बाजूला नुसता बांध होता.