दोरीला हात

आचऱ्याच्या सोसायटीत, बर्फाच्या कारखान्याच्या वर,
एक खोली आहे. तिथे माझा सर्व्हर राहतो.
खारी हवा त्याच्या पंख्यात मीठ भरते.
दर पंधरवड्याला ते मी जुन्या टूथब्रशने काढते
आणि भिकाजी मेथर जिन्यातून विचारतात,
"दात घासलंस काय गो तेचे?"

तीनशे अठरा होड्या. डिझेलचा कोटा, परवाने,
खलाशी, खलाशांचे वारस,
कोणी किती लाद्या बर्फ उधार नेला.
तक्ता तक्त्याला किल्लीने जखडलेला:
होडी पुसायची तर आधी खलाशी उतरव,
खलाशी पुसायचा तर आधी वारसाला विचार.
पोस्टग्रेस या बाबतीत कडक आहे,
आमच्या सचिवांहून तर नक्कीच.

ते विकत आणलेलं नाही, हे मेथरांना पटत नाही.
"फुकट? मगे तेचो मालक कोण?"
मी खिडकीतून खाली दाखवते.
वाळूवर रापण ओढतायत. दोन दोऱ्या, चाळीसेक माणसं,
त्यात शाळा बुडवून आलेला एक पोरगा.
ज्याचा हात दोरीला, त्याला वाटा.
"हे असं," मी म्हणते,
"फक्त इथे हात न लावणाऱ्यालाही मासळी मिळते,
आणि फाटलेलं जाळं तुणायला
नेहमी तेच चार-पाच जण बसतात."
ते बराच वेळ गप्प.
मग म्हणतात, "तां आमच्याकडे पण तसांच."

मंगळवारी कणकवलीजवळ कुणाच्या तरी जेसीबीने
केबल तोडली.
तेव्हापासून रत्नागिरीची प्रत मुकी.
मूळ मात्र तिची वाट पाहत राहिलं:
तिने अजून वाचलं नाही, म्हणून काही पुसायचं नाही.
प्रत्येक लिटर, प्रत्येक पावती, प्रत्येक खाडाखोड
सोळा-सोळा एमबीच्या फायलींत साचत गेली,
गिऱ्हाईक न आलेल्या बांगड्याच्या टोपल्यांसारखी.

शुक्रवारी रात्री डिस्क अठ्ठ्याण्णव टक्के.
चारला डिझेलपंप उघडतो.
डिस्क भरली तर मूळच आडवं होणार,
आणि एकाही होडीला पावती नाही.

माझी आत्ये नऊ वर्षं
मस्कतला गेलेल्या मुलासाठी मूठभर जास्त तांदूळ वैरायची.
पत्र नाही, फोन नाही.
सकाळी तो भात कोंबड्यांना जायचा.
तिला कुणी थांब म्हटलं नाही. तांदूळ होते.

माझ्याकडे दोन टक्के होते.

आधी कालचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिला
(न उघडलेला बॅकअप म्हणजे पाण्यातलंच जाळं,
आत काय आहे ते देव जाणे),
होड्या मोजल्या: तीनशे अठरा.
मग एका ओळीत प्रतीचा स्लॉट काढून टाकला.
चेकपॉइंट.
अठ्ठ्याण्णव. नव्वद. एकसष्ट.
चार वाजून सहा मिनिटांनी पहिली पावती,
'रामेश्वर कृपा', दोनशे लिटर.
खाली इंजिन खोकत सुरू झालं, आणि मला
आपण श्वास धरला होता हे कळलं.

रविवारी केबल जुळली. प्रत जागी झाली,
तिने हवं ते पान मागितलं.
पान नव्हतं. तसं तिच्या लॉगमध्ये उमटलं, कोरडं, एका वाक्यात.
मी तिचं सगळं पुसलं आणि पहिल्यापासून
उतरवून काढायला बसले; बारा तास लागले.

तेवढ्यात मार्गदर्शिकेत एक चूक दिसली.
याच स्लॉटबद्दलच्या पानावर, एका वाक्यात,
"नाही" राहून गेलं होतं.
दुरुस्ती लिहून पाठवली. कुठल्या देशात गेली ठाऊक नाही.

तीन महिन्यांनी नवी आवृत्ती आली.
मेथरांना सांगितलं. त्यांनी विडी विझवली.
"वाटो काय गावलो?"

एक नाव, लांबलचक यादीत,
आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं.
मी ब्रश घेऊन पंख्याकडे वळले.
मीठ परत आलं होतं.