उलटी वाट

पाचगणीच्या वाऱ्यात मेणबत्ती टिकत नाही,
म्हणून मरियामाईच्या गुहेत जॅमच्या रिकाम्या बरण्या;
एकीवर अजून किमतीची चिठ्ठी.

तिथून क्रूसाची वाट, चौदा स्थानं, सगळी चढण,
सिल्व्हर ओकचा पाला पायाखाली.
पावलीनबाई मात्र खराटा घेऊन
वरच्या टोकापासून लागते.

तिच्या सकाळी तो आधी कबरीतून निघतो,
खिळे सुटतात,
अंगरखा परत मिळतो,
तीनदा पडलेला तीनदा उठतो,
आईला ओलांडून
पिलाताच्या दारात येऊन उभा राहतो
मोकळ्या खांद्यांनी.

मी हे तिला सांगितलं.
तिनं खराटा दगडावर आपटून घट्ट केला.
‘पाला खालीच घरंगळतो की, बाळा.
वरनंच झाडाय लागतं.’