ढगातून तारे दिसले तर

बेतूलच्या जेटीवर कायतान जाळं शिवत बसलेला,
सुई बोटांनीच चाचपत.
म्हटलं, पुढल्या महिन्यात नॉर्वेला निघालेय,
उत्तरेचा प्रकाश बघायला.
तो म्हणाला, हिरवा शोधू नकोस.

एकवीस वर्षं बोटीवर स्वयंपाकी.
ट्रॉम्सोच्याही वर, डेकवर बटाटे सोलताना
त्यानं तो पहिल्यांदा पाहिला
आणि त्याला वाटलं, काजूच्या भट्टीचा धूर.
राखाडी. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पट्टा,
पाटीवरून पुसायचा राहिलेला.
हिरवा नंतर. तोही बेताचा.
फोटोत असतो तेवढा हिरवा
कॅमेऱ्याला दिसतो, माणसाला नाही;
कॅमेरा वीस सेकंद पापणी लववत नाही, म्हणून.

सूर्य शिंकतो,
दोन दिवसांनी तिथलं आभाळ शहारतं.
एवढंच त्याला सेकंड मेटनं समजावलेलं
आणि तेवढ्यावर त्याचं भागलं.

बाकी सगळं थांबणं.
मोजे दोन घाल, पण सैल.
टॉर्च नको, फोन तर नकोच,
डोळ्यांना काळोखाची ओळख पटायला
अर्धा तास लागतो.
ढग आला तर शिव्या घालू नकोस, नीट बघ:
ढगातून तारे दिसले
तर तो ढग नव्हे.

रात्री मला साळच्या मुखाशी घेऊन गेला,
सराव म्हणून.
ट्रॉलरच्या दिव्यांकडे पाठ करून बसलो.
किती वेळ काहीच नाही. डास.
मग ओहोटीच्या पाण्यात त्यानं काठी फिरवली
आणि पाणी पाजळलं,
निळसर, काठीमागोमाग, विझलंसुद्धा.
मी ओरडलेच.
त्यानं विचारलं, उजळलं काय?

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
मडगावच्या डॉक्टरनं सोळा तारीख दिलीय,
आधी उजवा.
तसाच पडदा आहे गो, म्हणाला, राखाडी,
फक्त यातून तारे दिसत नाहीत.

परतताना तो पुढे, मी मागे.
मी दोनदा ठेचकाळले, तो एकदाही नाही.
दारात थांबून म्हणाला,
फोटो आणू नकोस.
किती वेळ थांबलीस ते येऊन सांग.
आणि बटाटे खाऊन बघ तिथले,
गोड असतात.