प्रश्न क्रमांक चार

आमच्या फॉर्मवर चौथा प्रश्न आहे :
ग्राहकाने फोनचे लॉक काढले आहे का?
पुढे दोन चौकटी. हो. नाही.
'हो'वर टिचकी पडली की खालचा सगळा फॉर्म
आपोआप राखाडी होतो
आणि मी म्हणायचं असतं, माफ करा, मॅडम.
इतक्यांदा म्हटलंय
की रात्री बायको हलवून विचारते,
कुणाची माफी मागतोयस?

हॅझर्ड, केंटकी. मार्चातला मंगळवार,
रस्त्याकडेला मीठ खाऊन काळवंडलेला बर्फ.
ऑर्लीना नेपियर आली,
चेनवाल्या बायबलच्या कव्हरात
फोन, पावती, वायर नीट गुंडाळलेली.
"अकरा महिने झालेत," म्हणाली. "बारा नाही. मोजून आलेय."

फोन मुलाने पाठवलेला, सिनसिनाटीहून.
आमच्या कंपनीचा, आमच्या कुलपातला,
हप्ते फिटलेले, शेवटचा जानेवारीत.
पण तिच्या घळीत आमचा सिग्नल
दफनभूमीपर्यंतच येतो, खाली उतरत नाही.
बंद खाणीवरचा टॉवर दुसऱ्यांचा.
दोन महिने ती संध्याकाळी टेकडी चढायची,
नवऱ्याच्या दगडाला पाठ टेकून मुलाशी बोलायची.
मग गुडघा गेला.
मग पुतण्या आला, कोय,
त्याने वीस डॉलरचा कोड टाकला, दुसऱ्यांचं सिम घातलं,
आणि स्वयंपाकघरात, भांडी घासायच्या जागी,
पाचच्या पाच दांड्या उभ्या राहिल्या.

आता आवाज येत नाही.
तिचा जातो. पलीकडचा येत नाही.
नखाएवढा स्पीकर,
त्याला काय ठाऊक आपण कुणाच्या सिमवर बोलतोय?
दुखणं रेड्याला, डाग पखालीला,
हे मलाही कळतं,
पण मला पगार पखाल डागायचाच मिळतो.

मी स्क्रीन माझ्याकडे वळवली.
मॅनेजर जेवायला गेलेला, कॅमेरा डोक्यावर.
चौथा प्रश्न विचारताना खोकलो.
'लॉक' शब्द खोकल्यात बुडवला,
"तसलं काही केलं नसेलच ना तुम्ही,"
असं उत्तर आत भरूनच प्रश्न पुढे सरकवला.
याहून मोठं धाडस माझ्या हातून
आजवर झालेलं नाही.

"केलंय की," ती म्हणाली.
"कोयने केलं. पण सांगितलं मी."

फॉर्म राखाडी झाला.

"फोन माझा ना?"
हो.
"मग कुलूप कुणाचं होतं?"
आमचं.
"आणि तुमचं कुलूप काढलं म्हणून माझी हमी गेली."
माफ करा, मॅडम.

तिने तिथेच, काउंटरवर कोपर टेकून, नंबर लावला.
फोन कानाला नाही, डोळ्यांसमोर धरला :
सेकंद पळू लागले की समजायचं, त्याने उचललाय.
"टीग, दुकानात आहे. नाही म्हणतात.
माणूस बरा आहे, खोकला झालाय बिचाऱ्याला.
रविवारी घेवड्याचं सूप केलं, उरलं.
गुडघा तसाच.
बोलत असशील तर बोल,
मला ऐकू येत नाही, पण सेकंद दिसतायत."
मग गप्प राहिली,
त्याच्या बोलण्याला जागा करून देत.
मध्येच एकदा मान हलवली,
कशाला, देव जाणे.
मग बंद केला. वायर पुन्हा गुंडाळली.
दाराशी वळून म्हणाली, "मध घे. आल्याचा रस घालून."

राखाडी फॉर्मवर एकच रकाना जिवंत राहतो : शेरा.
मी लिहिलं, ग्राहकाने खरे सांगितले.
सिस्टिमने घेतलं नाही.
म्हणे, कृपया यादीतून निवडा.
पाणी. पडणे. छेडछाड. मुदतबाह्य. इतर.

मी 'इतर' निवडलं.